धोम ते खिद्रापूर: कृष्णाकाठच्या पाणंदींवरून सहा दिवस

लहानपणी दर मे महिन्यात आम्ही पुण्याहून रेल्वेत बसायचो आणि भिलवडी स्टेशनवर उतरायचो. तिथून पुढे आजोळचे गाव, विहीर, ऊस आणि दीड महिना सुट्टी. त्या गाडीतून कृष्णा मात्र फारशी दिसायची नाही, तासन्‌तास नुसता ऊस दिसायचा आणि आजी म्हणायची, "ह्या उसाच्या पल्याड नदी हाय." आजी गेली, ते घरही आता दुसऱ्याचे झाले. उसापलीकडची ती नदी एकदा सलग, तिच्या काठाकाठाने पाहायची, हे मनात राहून गेले होते. या वर्षी संक्रांतीनंतर मी आणि माझा धाकटा भाऊ सायकलींवरून निघालो. धोम धरणाच्या पायथ्यापासून महाराष्ट्राच्या सीमेवरील खिद्रापूरपर्यंत सहा दिवसांत आम्ही सुमारे २७० किलोमीटर चाललो आणि त्यांतील निम्म्याहून बरेच अधिक अंतर डांबर नसलेल्या वाटांवरचे होते.

या खोऱ्यात अशा वाटांचे जाळेच आहे. शेतांमधून जाणाऱ्या पाणंदी, मुरूम टाकलेले मळ्यांचे रस्ते, कालव्याच्या भरावावरचे रस्ते, नदीकाठची गाडीवाट आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून पलीकडे नेणाऱ्या अरुंद पायवाटा. आमच्या सायकली ग्रॅव्हल प्रकारच्या, ४२ मिलिमीटर रुंदीच्या टायरच्या होत्या. साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइकही चालेल; अगदी बारीक टायरची सायकल मात्र आणू नये.

पहिला दिवस: धोम, मेणवली, वाई

सकाळी सात वाजता धोम गावात पारा ११ अंशांवर होता आणि नदीवर धुके इतके दाट होते, की धरणाची भिंत नुसती सावलीसारखी दिसत होती. येथील शिवमंदिरासमोरचा नंदी पाहण्यासारखा आहे. कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात एक मोठे कासव कोरलेले आहे आणि त्याच्या पाठीवर नंदीचा मंडप उभा आहे. कुंडात पाणी भरले, की कासव नंदीला पाठीवर घेऊन तरंगत असल्याचा भास होतो. आम्ही गेलो तेव्हा पाणी कासवाच्या मानेपर्यंत होते आणि त्यावर पारिजातकाची फुले नव्हे, तर आदल्या रात्रीच्या वाऱ्याने पडलेली पिंपळपाने साचली होती.

कालव्याच्या कडेला एक पाटकरी, म्हणजे शेतांना कालव्याचे पाणी सोडणारे, भेटले. कानटोपी, हातात काठी, सायकलला अडकवलेला डबा. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, सुरू असल्यामुळे ते पहाटेपासून फिरत होते. आम्ही खिद्रापूरला निघालो आहोत, असे सांगितल्यावर त्यांनी नदीकडे हात केला आणि म्हणाले, "मग पाण्याच्या संगट चाललाय म्हना की. जावा सावकाश, पानी बी सावकाशच जातंय." पुढचे सहा दिवस आम्ही त्यांचे हे सांगणे पाळले.

धोम ते मेणवली हा नदीकाठचा तुकडा अवघ्या काही किलोमीटरचा, पण सायकलीवर बसणाऱ्याला आवडेल असाच आहे. एका बाजूला हळदीचे वाळलेले शेत, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधून घट्ट बसलेल्या मुरमाची वाट. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आहे. घाटावरच्या लहानशा देवळात टांगलेली घंटा जवळ जाऊन पाहावी. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर पोर्तुगिजांच्या चर्चमधील ज्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांपैकी ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे वर्ष कोरलेले आहे. आम्ही हात लावला तेव्हा धातू बर्फासारखा गार होता. घाटावर कपडे धुणाऱ्या एका मावशींनी भावाला सांगितले, "वाजव की, देवाचीच हाय." त्याने ती हलकेच वाजवली आणि नाद पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत जाऊन विरताना आम्ही ऐकला.

वाईला दुपारीच पोहोचलो आणि पुढचा सारा वेळ घाटांवर काढला. ढोल्या गणपतीचे देऊळ सर्वांना ठाऊक असते. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ मध्ये बांधले. बहुतेक लोक मूर्ती पाहून परततात. देवळाला वळसा घालून मागे जावे. तिथली भिंत माशाच्या आकाराची, टोकदार बांधली आहे. पुराचे पाणी त्या टोकावर फाटावे आणि दोन्ही बाजूंनी निघून जावे, ही त्यामागची योजना. ज्याने हे बांधले, त्याने नदीला अडवायचा विचार केला नाही, तिला वाट कशी द्यायची याचा केला. मी त्या टोकाला हात लावून उभी राहिले आणि आपण या प्रवासात नेमके काय पाहणार आहोत, हे मला तेव्हा उमगले: पाण्याची उंची ओळखून वागणारी माणसे आणि त्यांनी बांधलेल्या गोष्टी.

दुसरा दिवस: वाई ते माहुली

वाईहून भुईंजकडे जाताना शक्य तितका वेळ आम्ही पाणंदींवर राहिलो. पाणंद म्हणजे शेजारशेजारच्या शेतांच्या बांधांमधून गेलेली जुनी गाडीवाट. शेकडो वर्षांच्या बैलगाड्यांनी ती खचत गेलेली असते, त्यामुळे सायकलीवर बसलेल्या माणसाचे डोके कधी कधी शेताच्या पातळीला येते. वर दोन्ही बाजूंनी घाणेरी आणि बाभळी वाकलेल्या, खाली भुसभुशीत माती आणि मध्ये गवताची पट्टी. चाके गाडीच्या चाकोरीतून न्यावीत, मधल्या गवतातून नेऊ नयेत, कारण सराटे तिथेच दडलेले असतात. हे आम्ही दोन पंक्चर झाल्यावर शिकलो. टायरमध्ये सीलंट असेल तर बारीक काटे आपोआप बुजतात, पण बाभळीचा जुना, वाळलेला काटा टायर फाडून जातो. त्यासाठी जवळ टायरचा तुकडा किंवा जाड पॅच ठेवावा. शेतकऱ्यांनी बाभळी छाटून वाटेवरच टाकलेल्या दिसल्या, तर सरळ उतरून सायकल उचलून न्यावी.

दुपारी लिंब गावात बारामोटेची विहीर पाहिली. वीरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. नाव बारा मोटांचे असले, तरी प्रत्यक्षात पंधरा मोटा चालवण्याची सोय तिथे आहे. वरून पाहिले, तर आकार शिवलिंगासारखा. एका बाजूला मोठी अष्टकोनी विहीर, तिला जोडून लांबोळी उपविहीर आणि दोहोंच्या मध्ये, अर्ध्या खोलीवर, चक्क एक छोटा महाल. उन्हातून पायऱ्या उतरून आत गेलो तेव्हा अंगावरचा घाम क्षणात गार पडला. मोटेच्या दोरांनी दगडांवर पाडलेल्या खाचा अजून आहेत. मी एका खाचेत बोट घातले, ते पहिल्या पेरापर्यंत आत गेले. आतून ती खाच काचेसारखी गुळगुळीत होती. किती बैल, किती फेऱ्या, किती वर्षे, हे त्या एका बोटभर खाचेवरून जेवढे समजते तेवढे कोणत्याही माहितीफलकावरून समजत नाही.

विहिरीजवळच्या एका घरातून दोन मुली धावत आल्या आणि "तिळगूळ घ्या" म्हणून आमच्या हातावर हलवा ठेवून गेल्या. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देण्याची रीत असल्यामुळे पुढे सीमेपर्यंत जवळपास प्रत्येक गावात आमच्या हातावर काही ना काही पडत राहिले. प्रवासाला जानेवारी निवडण्याचे हे कारण आम्ही आधी धरले नव्हते, पण यापुढे धरू.

संध्याकाळी माहुलीला कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर पोहोचलो. इथल्या घाटांवर छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे, महाराणी ताराबाईंची आहे आणि त्यांच्याजवळच शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याचीही आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, असे सांगतात. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच गावचे. देवळांचे दगडी काम अप्रतिम आहे, मात्र घाटावर साचलेले निर्माल्य आणि प्लॅस्टिक पाहून मन खिन्न झाले. ज्या नदीकाठावर इतिहासातील एवढी माणसे विसावली आहेत, तो निदान स्वच्छ तरी असावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. मुक्काम साताऱ्यात केला.

तिसरा दिवस: माहुली ते कराड

हा दिवस अंतराने सर्वांत लांब होता, पण त्यातला बराचसा भाग सरळ आणि सपाट असल्याने लिहिण्यासारखे थोडे आहे. एकच गोष्ट सविस्तर सांगते.

उंब्रजच्या अलीकडे वाऱ्यावरून गोड, थोडासा करपट वास आला आणि आम्ही त्या वासाच्या दिशेने वळलो. उसाच्या मधोमध गुऱ्हाळ चालू होते. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत उकळत होता. खाली चुलवाणात एक माणूस सतत वाळलेली चिपाडे सारत होता. ज्वाळा कमी झाली की त्याला वरून नुसता आवाज यायचा आणि तो न बोलता आणखी एक कवळ आत ढकलायचा. रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडांचे चिकट पाणी रसात घातले, की मळी फेसासारखी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. या सगळ्यात गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, बोलत नव्हता. साठीचा माणूस, डोळे काहिलीवर. रस दाट होऊन बुडबुडे संथ झाले तसे त्याने लाकडी दांड्याने थोडा पाक उचलला, शेजारच्या गार पाण्याच्या भांड्यात सोडला आणि पाण्यातच बोटांनी गोळी वळून पाहिली. पहिली गोळी बोटांत विरघळली. तो थांबला. दोनेक मिनिटांनी पुन्हा तेच. या वेळी गोळी भांड्याच्या काठावर आपटल्यावर टणक आवाज आला आणि त्याने फक्त "ओढा" म्हटले. चौघांनी मिळून काहील वाफ्यावर कलंडवली आणि सोनेरी पाक पसरला.

ते सगळे झाल्यावर तो आमच्याकडे वळला आणि मृदू आवाजात म्हणाला, "बसा ताई, आता बोलू." त्याने उसाचे कांडे कोमट पाकात बुडवून दिले. त्याभोवती चिकटलेला तो ताणला जाणारा गूळ मी आजीच्या हातून शेवटचा खाल्ला होता. भावाने काही न बोलता दुसरे कांडे मागून घेतले, तेव्हा त्यालाही तेच आठवले असणार. गुळव्या सांगत होता, की आता मुले या कामाला येत नाहीत, कारण थंडीतही चुलवाणापुढे उभे राहवत नाही आणि पाक एक मिनिट पुढे गेला तर सगळे आदण वाया जाते. "यंत्र सांगतंय किती अंश झालं ते. पर त्या दिशी ऊस कसला हुता, ते यंत्राला कुठं ठावं?"

गुऱ्हाळावर गूळ विकत मिळतो. एक किलोची ढेप सायकलीच्या बॅगेत सहज मावते आणि प्रवासात शक्ती देणारे यासारखे दुसरे काही नाही.

कराडला प्रीतिसंगमावर दिवेलागणीला पोहोचलो. कृष्णा आणि कोयना या दोन नद्या इथे एकमेकींच्या अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकत्र काटकोनात वळतात. असे मीलन विरळाच. यशवंतराव चव्हाणांची समाधी याच संगमावर आहे. रात्री भाकरी, वाघ्या घेवड्याची आमटी आणि खर्डा. कोरेगावकडचा हा घेवडा शिजल्यावर इतका मऊ होतो, की आमटी वेगळी दाट करावी लागत नाही.

चौथा दिवस: खोडशी ते औदुंबर

संपूर्ण प्रवासातला हा दिवस मला परत जगायला आवडेल. कराडच्या वर खोडशीला कृष्णेवर एक जुना बंधारा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने तो बांधला आणि तिथून कृष्णा कालवा काढला. हा कालवा कराड, वाळवा, पलूस असा खाली उतरत जातो आणि त्याच्या भरावावरून, काही ठिकाणी तुटक का होईना, कच्चा रस्ता जातो. चढ नाही, वाहने नाहीत, डावीकडे संथ पाणी, उजवीकडे खाली पसरलेला ऊस. पाण्यात खंड्या पक्षी सूर मारत होते. एका मोरीवर बसून आम्ही डबा खाल्ला. इथे एक सूचना करते: कालव्याचा रस्ता सार्वजनिक रस्ता नाही, त्यामुळे पाटकरी किंवा शेतकरी भेटला, तर थांबून विचारावे, बैलांना आणि गड्यांना आधी वाट द्यावी आणि भराव ओला असेल तर त्यावर चाके घालूच नयेत.

ओगलेवाडी लागली. येथील काच कारखान्यातला प्रभाकर कंदील एके काळी महाराष्ट्रातल्या घराघरांत होता, आमच्या आजोळीही होता. पुढे शेणोली स्टेशन, जिथे ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या समांतर सरकारच्या, तुफान सेनेने सरकारी पगार घेऊन जाणारी रेल्वेगाडी अडवून लुटली. क्रांतिसिंह नाना पाटलांचे येडे मच्छिंद्र इथून जवळच. उसाचे हे रान, या पाणंदी आणि ओढे पायाखालचे असल्याशिवाय भूमिगतांना वर्षानुवर्षे इंग्रजांच्या हाती न लागता राहणे शक्य नव्हते, हे सायकलीवरून जाताना पटते. दहा पावले आत गेलेला माणूस या उसात दिसत नाही.

ऊसतोड जोरात होती. एका रिकाम्या शेतात टोळीच्या खोपी होत्या आणि पाचटावर एक लहान बाळ निजले होते. त्याची आई वाढ्यांच्या पेंढ्या बांधत होती. बीडकडून आलेल्या त्या कुटुंबाचा हा सातवा हंगाम होता. मी "पाणी मिळेल का?" असे विचारले, तेव्हा तिने घागरीतून तांब्या भरून दिला आणि मग आपणच विचारले, "तुम्ही पैसे मिळायला चालवता का सायकल?" मी नाही म्हटल्यावर ती हसली आणि म्हणाली, "मग बरंय. मनानं चालवता." तिचा कोयता शेजारी पडला होता, त्याच्या मुठीला गुंडाळलेली चिंधी घामाने काळी पडली होती. आमच्या भोवतीच्या या हिरव्या सौंदर्याची किंमत कोण देते, हे तिथे डोळ्यांना दिसले आणि ते लिहिल्याशिवाय या खोऱ्याचे वर्णन खरे होणार नाही.

दुपारी पहिले मोठे संकट आले. कोणीतरी रात्री उसाला पाणी दिले होते आणि ते फुटून पाणंदीत शिरले होते. काळ्या मातीचा चिखल टायरला असा चिकटला, की चाक फ्रेममध्ये अडकून थांबले. भावाने जोर लावला आणि डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ओढला जाऊन त्याचा हँगर (तो फ्रेमला धरून ठेवणारी धातूची पट्टी) वाकला. चेन आता कोणत्याही गिअरवर टिकेना. सायकली ढकलत तासाभराने आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. तिथल्या एका लहान दुकानातील वयस्क मिस्त्रींनी सायकल उलटी केली, काही वेळ नुसती पाहिली आणि आत जाऊन गिअरच्या जुन्या सायकलीचे मागचे चाक घेऊन आले. डिरेलर सोडवून त्यांनी त्या चाकाचा आस हँगरच्या आट्यांत फिरवून बसवला. आता एकाशेजारी एक अशी दोन चाके उभी राहिली. जिथे त्यांच्यातले अंतर कमी होते, तिथे त्यांनी दुसरे चाक धरून किंचित ओढले, बोटाने अंतर मापले, पुन्हा ओढले. दोन्ही चाके समांतर झाली तेव्हा हँगर सरळ झाला होता. तरुणपणी ते एका कारखान्यात टर्नर होते. पैसे घेताना त्यांनी फक्त ५० रुपये मागितले आणि वर बजावले, "चिखल दिसला की उतरायचं. सायकल खांद्यावर घ्यायला लाज कसली?" सुटा हँगर जवळ ठेवावा, ही सूचना मी आता सर्वांना करते, आमच्याकडे नव्हता.

या तासाभरामुळे किर्लोस्करवाडीत फार थांबता आले नाही. औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळरानावर, निवडुंग आणि साप यांच्यामध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये नांगराचा कारखाना आणि वसाहत उभी केली. त्या झाडांच्या सावलीतून जाताना त्या माळाची कल्पनाही करता येत नाही.

भिलवडी स्टेशन सायंकाळी आले. फलाट तोच, कडुनिंब तोच. आम्ही दोघे पाच मिनिटे तिथे उभे राहिलो आणि या वेळी रूळ ओलांडून उसाच्या पल्याड, नदीकडे गेलो. पूल ओलांडून औदुंबरला पोहोचलो तेव्हा दत्तमंदिरात आरती सुरू होती. नृसिंहसरस्वतींनी इथे एक चातुर्मास काढला. भक्तनिवासात साधी, स्वच्छ खोली मिळाली आणि सायकली व्हरांड्यात लावू दिल्या. पंक्चर, चिखल, घाम, सगळे नदीकाठच्या गार वाऱ्यात निवून गेले.

पाचवा दिवस: औदुंबर ते हरिपूर

पहाटे घाटावर तोंड धुवायला उतरणार, तोच नावाड्याने ओरडून थांबवले. समोरच्या गाळाच्या पट्टीवर ओंडक्यासारखे जे दिसत होते, ती मगर होती. ऊन चढेपर्यंत ती हलली नाही आणि मग एकही तरंग न उठवता पाण्यात गेली. भिलवडी ते सांगली या पट्ट्यात मगरींचा वावर आहे आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. घाटावर गावकरी जिथे उतरतात तिथेच उतरावे, निर्जन काठावर पाण्याला हात लावू नये आणि सायकली धुण्यासाठी नदीत तर मुळीच जाऊ नये.

नदीकाठच्या मळीच्या जमिनीत या दिवसांत वांगी असतात. कृष्णाकाठच्या वांग्यांची ख्याती ऐकली होती, पण ती का, हे एका मळ्यात कळले. पुराने दरवर्षी नवा गाळ येऊन बसतो, त्या गाळात ही वांगी होतात. पांढरट हिरवी, मोठाली, बी अगदी कमी. मळ्यातल्या काकूंनी दोन वांगी तिथेच काटक्यांवर भाजली, साल काढली, वर कच्चा कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि दह्याचा गोळा. ज्वारीच्या भाकरीबरोबर ते भरीत खाताना आम्ही एक शब्द बोललो नाही. पुराविषयी काकू म्हणाल्या, "दोन हजार एकोणीसला घरात माळ्यापतूर पानी. सगळं गेलं. आन् त्याच्या फुडच्या वर्साला वांगी अशी आली म्हनता!" नदीने नेलेले आणि नदीने दिलेले, दोन्ही त्यांनी एकाच सुरात सांगितले.

बालगंधर्वांच्या नागठाण्यावरून, डिग्रजवरून आम्ही सांगलीत शिरलो. या पट्ट्यातल्या अनेक घरांच्या भिंतींवर पुराच्या रेषा आहेत. कुठे तेलरंगाने काढलेल्या आणि वर्ष लिहिलेल्या, कुठे नुसता चिखलाचा न निघालेला डाग. २००५ ची रेषा माझ्या खांद्याला लागत होती, २०१९ ची माझ्या हाताला लागली नाही. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्या खाली पाण्याची पातळी मोजण्याच्या खुणा आहेत. ४५ फुटांना धोका पातळी मानतात आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या दिवशी जानेवारीचे पाणी इतके खाली आणि शांत होते, की मान वर करून त्या आकड्यापर्यंत नजर न्यावी लागली.

हरिपूरला कृष्णेला वारणा मिळते. चिंचेच्या जुन्या झाडांखालून जाणारा तिथला रस्ता सुंदर आहे. हरिपूर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होते. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. २००५ च्या पुरात पाणी शिरून त्यांतली बरीच पेवे निकामी झाली. एका पेवाचे तोंड आम्हाला दाखवण्यात आले. वाकून पाहिल्यावर अंधार आणि त्यातून येणारा हळदीचा फिकट वास, एवढेच उरले होते.

सहावा दिवस: नृसिंहवाडी आणि खिद्रापूर

हरिपूरहून शिरोळ तालुक्यातील मळ्यांच्या रस्त्यांनी वाडीला यायला दोन तास लागले. वाडीला पंचगंगा मिळते. दत्ताच्या पादुकांचे मंदिर मुद्दामच नदीच्या पातळीजवळ आहे. पावसाळ्यात पाणी उत्तरेकडून आत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नानाला हजारो माणसे येतात. बाकीच्या गावांत ज्या पाण्याच्या रेषा भीतीने आखल्या आहेत, त्याच पाण्याची इथे वाट पाहिली जाते. बासुंदी आणि कवठाची बर्फी घेतल्याशिवाय वाडी सोडू नये. कवठाचा आंबटपणा त्या गोडीत शेवटपर्यंत जिभेवर राहतो.

कुरुंदवाड, अकिवाट, राजापूर असे आम्ही पुढे गेलो. हा टप्पा खडीचा आहे आणि ऊस नेणाऱ्या ट्रॉल्यांमुळे धूळ फार. तोंडाला रुमाल बांधावा, पाणी दोन लिटर ठेवावे आणि मागून ट्रॉली आली तर तिच्याशी न झगडता कडेला थांबावे, कारण लादलेला ऊस दोन्ही बाजूंना रस्त्यापेक्षा रुंद असतो.

खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळचे, बाराव्या शतकातले. पुढच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि मधोमध छत नाहीच. तिथे आकाशाचे वर्तुळ आहे. त्याच्या बरोबर खाली एकसंध दगडाची गोल रंगशिला. आम्ही पोहोचलो तेव्हा उन्हाचे वर्तुळ रंगशिलेवरून सरकून उत्तरेकडच्या खांबांवर चढले होते, कारण जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. भाऊ त्या दगडावर बसला. सहा दिवसांची धूळ त्याच्या भुवयांवर होती. सायकली बाहेर पुजाऱ्यांच्या अंगणात होत्या आणि कोणी काही विचारत नव्हते.

मंदिरामागे नदी आहे. पलीकडचे जुगूळ कर्नाटकात. घाटावर नावाडी दोर आवरत बसला होता. आम्ही धोमपासून आलो, हे कळल्यावर त्याने आम्हाला शेजारी बसवले आणि धोम कसे आहे, असे विचारले. तो आयुष्यभर या पाण्यावर होता, पण तिथे कधी गेला नव्हता. मी त्याला कासवावरचा नंदी, कुंड, धुके, काठी घेऊन फिरणारे पाटकरी यांचे वर्णन केले. त्याने लक्ष देऊन ऐकले आणि मग घाटाच्या वरच्या अंगाला, आमच्या डोक्याच्या बऱ्याच वर असलेल्या एका पायरीकडे बोट दाखवले.

"वरनं पानी सोडलं की आमाला टीव्हीच्या आधी कळतंय," तो म्हणाला. "आधी रंग बदलतोय. मग वास. मग ती पायरी."

मग उठून त्याने नाव काठाला लावली, सायकली आडव्या न ठेवता चाके भिंतीला टेकवून उभ्या करायला सांगितल्या आणि आम्हाला पलीकडे नेले.